बर्फावरची रेघ आणि हवेतले साडेतीन फेरे

मार्च १९९०. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात फिगर स्केटिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. युगोस्लाव्हियाच्या झेल्का चिझमेशिया हिने बर्फावर आपली आकृती कोरून पूर्ण केली आणि ती बाजूला झाली. नेहमीप्रमाणे परीक्षक बर्फावर उतरले, वाकून रेघा न्याहाळल्या आणि त्यांनी गुण दिले. जागतिक स्पर्धेत कोरली गेलेली ही शेवटची आकृती. ज्या कसरतीने या खेळाचा पाया घातला होता, ती त्या दिवशी मोठ्या स्पर्धांतून कायमची हद्दपार झाली.

त्याच स्पर्धेत जपानची वीस वर्षांची मिदोरी इतो आपले विजेतेपद राखायला उतरली होती. आकृत्यांत ती दहावी आली. त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्या, म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केटिंग, तिने जिंकल्या. तरीही सुवर्णपदक गेले ते अमेरिकेच्या जिल ट्रेनरीकडे. आकृत्यांत ट्रेनरी पहिली होती.

इतोची गोष्ट बहुतेक वेळा या निकालावरच बेतून सांगितली जाते: काळाच्या पुढे असलेली खेळाडू आणि तिची वाट अडवणारा जुनाट नियम. या गोष्टीत तथ्य आहे, पण ती अर्धीच आहे. इतोचे एकमेव जागतिक विजेतेपद आकृत्या शिल्लक असतानाचे आहे. आकृत्या गेल्यावर तिला ना जागतिक सुवर्ण मिळाले, ना ऑलिंपिकचे. असे का घडले, ते समजून घ्यायचे तर आधी त्या आकृत्यांकडे वळावे लागते.

स्केटच्या पात्याचा तळ सपाट नसतो. मधून एक उथळ खाच गेलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. आकृती कोरताना एका वेळी एकच धार बर्फाला लागली पाहिजे. दोन्ही टेकल्या की बर्फावर जोडरेघ उमटते आणि चूक उघडी पडते. स्केटरने एका पायावर तोल सांभाळत आपल्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाचे वर्तुळ काढायचे, त्याला जोडून दुसरे, कधी तिसरे. ठरलेल्या जागी वळण घ्यायचे, धार बदलायची. मग पहिल्याच रेघेवरून पुन्हा जायचे आणि पुन्हा एकदा. धूळपाटीवर अक्षर गिरवावे तसे हे काम, फक्त बोटाऐवजी पाते आणि पात्यावर सगळ्या शरीराचा भार. तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या का, वळणाची टोके एका ओळीत आली का, हे परीक्षक जवळ जाऊन पाहत. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या यादीत अशा ४१ आकृत्या होत्या. मोठे स्केटर रोज कित्येक तास याच सरावात घालवत. स्पर्धेतल्या या फेरीला प्रेक्षक सहसा फिरकत नसत आणि टीव्हीचे कॅमेरेही.

एके काळी एकूण गुणांतला ६० टक्के वाटा आकृत्यांचा असे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो निम्म्यावर आला. निम्म्यानेही काय होऊ शकते, ते १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा आकृत्यांत इतकी पुढे निघून गेली, की फ्री स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. फ्री स्केटिंगमध्ये पहिली आलेली अमेरिकेची जेनेट लिन कांस्यपदकावर राहिली. ती एका गिरकीत बर्फावर बसकण मारून पडली, हसत उठली आणि पुढे नाचत राहिली. जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. घरोघरच्या टीव्हीवर फक्त फ्री स्केटिंग पाहिलेल्यांना मात्र हा निकाल कसा लागला, ते उमगेना. पुढच्याच हंगामात संघटनेने शॉर्ट प्रोग्रॅम ही नवी फेरी आणली आणि आकृत्यांचा वाटा ४० टक्क्यांवर, मग ३० टक्क्यांवर उतरवला. प्रेक्षकांना जे दिसते त्यालाच गुण असावेत, ही मागणी टीव्हीच्या जोरावर वाढत गेली.

साप्पोरोच्या वेळी मिदोरी इतो अडीच वर्षांची होती. जन्म १३ ऑगस्ट १९६९, नागोया. मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा परिसर. तिथे बर्फाचे डोंगर नाहीत की गोठलेली तळी नाहीत. शहराच्या ओसू भागात, जुन्या देवळाच्या आणि बाजारपेठेच्या शेजारी, छताखाली एक आइस रिंक आहे. तिथे माचिको यामादा या प्रशिक्षक मुलांना शिकवत. स्वतः कधी काळी स्पर्धेत उतरलेल्या या बाईंनी त्या रिंकवर बागडणारी एक चिमुरडी हेरली. आठव्या वर्षीच ती तिहेरी उड्या मारू लागली. आईवडील विभक्त झाल्यावर ती यामादा बाईंच्याच घरी राहायला आली. प्रशिक्षक, पालक आणि घर, तिन्ही एकाच छपराखाली आले.

१९८०च्या डिसेंबरात कॅनडात झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत अकरा वर्षांच्या मिदोरीच्या उड्या पाहून लोक अवाक झाले. आकृत्यांत मागे पडल्याने तिचा एकूण क्रमांक मात्र आठवा लागला. पुढची दहा वर्षे तिच्या निकालपत्रकात याच दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसत राहिल्या. ठेंगणा, मजबूत बांधा, उंची जेमतेम १४५ सेंटिमीटर, पायांत स्प्रिंग असावी तसा उसळ घेणारा जोर. आकृत्यांना लागणारा संथपणा मात्र तिच्या स्वभावात नव्हता. १९८५ मध्ये घोट्याचे हाड मोडले आणि मायदेशी, टोकियोत भरलेल्या जागतिक स्पर्धेलाच तिला मुकावे लागले. नंतरच्या दोन वर्षांत जागतिक स्पर्धेत ती अकरावी आणि आठवी आली. मायदेशात मात्र १९८५ पासून सलग आठ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद तिच्याकडून कोणाला हिसकावता आले नाही.

त्या काळी महिलांच्या फिगर स्केटिंगची एक ठरीव प्रतिमा होती: उंच, सडपातळ, नजाकतदार. १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये सगळ्या वर्तमानपत्रांचे लक्ष होते ते पूर्व जर्मनीची काटारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस यांच्याकडे. योगायोगाने दोघींनीही बिझेच्या 'कार्मेन'चेच संगीत निवडले होते. इतो आकृत्यांत दहावी होती, म्हणजे पदकाच्या शर्यतीतून जवळजवळ बादच. फ्री स्केटिंगमध्ये तिने सात तिहेरी उड्या मारल्या आणि एकही चुकवली नाही. शेवटच्या काही क्षणांत तर तिचा आनंद चेहऱ्यावर मावेना. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकूण क्रमांक पाचवा. विट जिंकली, कॅनडाची एलिझाबेथ मॅन्ली दुसरी आणि थॉमस तिसरी. पण महिलांच्या स्केटिंगमध्ये काय शक्य आहे याची नवी पातळी कोणी दाखवली, याबद्दल त्या रात्रीनंतर फारसा वाद उरला नाही.

त्याच वर्षी संघटनेने ठराव केला की १९९०च्या हंगामानंतर आकृत्या बंद. तोवर त्यांचा वाटा २० टक्के. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इतोने तोवर कोणत्याही स्त्रीला न जमलेली गोष्ट करून दाखवली.

ॲक्सेल ही उडी नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सनने १८८२ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा मारली. स्केटिंगमधल्या बाकी प्रमुख उड्या पाठमोरे घसरत जाऊन मारल्या जातात. ॲक्सेल मात्र समोर तोंड करून मारायची आणि उतरताना पाठमोरे उतरायचे. त्यामुळे तिच्यात नेहमी अर्धा फेरा जास्त येतो. तिहेरी, म्हणजेच ट्रिपल ॲक्सेल म्हणजे साडेतीन फेरे. डावा पाय बाहेरच्या धारेवर टेकवून स्केटर समोरच्या मोकळ्या जागेत झेप घेते, उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर झोकून देते, हात छातीशी घट्ट आवळते. साडेतीन फेरे पुरे करायला एक पूर्ण सेकंदही मिळत नाही. फेरा थोडा कमी पडला की पाते आडवे लागते आणि सगळा वेग घोट्यावर येऊन आदळतो. समोर पाहत झेपावताना जी भीती वाटते, तीच या उडीची खरी अडचण, असे स्केटर सांगतात.

महिलांची चढण तोवर एकेका पायरीने झाली होती. १९६२ मध्ये कॅनडाच्या पेट्रा बुर्काने तिहेरी साल्कॉव्ह ही उडी मारली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या डेनिस बीलमनने तिहेरी लुट्झ. पुरुषांतही तिहेरी ॲक्सेल पहिल्यांदा साधली ती १९७८ मध्येच, कॅनडाच्या व्हर्न टेलरला. इतोने ती आधी जपानमधल्या एका स्थानिक स्पर्धेत मारली आणि मग १९८८च्या एनएचके ट्रॉफी स्पर्धेत, आंतरराष्ट्रीय परीक्षकांसमोर. तिच्या उडीला उंची इतकी असे, की फेरे पुरे करून हात उघडायलाही तिला हवेत सवड मिळे. बर्फावर उतरल्यावर वेग मोडत नसे, पाय सरळ मागे वाहत जाई.

मार्च १९८९, पॅरिस, बेर्सीचे क्रीडागृह. इथे इतो आकृत्यांत सहावी आली. ऐकायला हा क्रमांक साधा वाटतो, पण तिच्या बाबतीत तो मोठी कमाई होता. वर्षानुवर्षे ज्या वर्तुळांनी तिला मागे ओढले, तीच वर्तुळे तिने घोटून घोटून इतपत जमवली होती की पुढच्या दोन फेऱ्यांत नुकसान भरून काढता यावे. शॉर्ट प्रोग्रॅम तिने जिंकला. फ्री स्केटिंगमध्ये ट्रिपल ॲक्सेल स्वच्छ उतरली. तांत्रिक गुणांचे आकडे फलकावर झळकले, तेव्हा नऊपैकी पाच परीक्षकांनी ६.० दिले होते. त्या काळच्या पद्धतीत याहून जास्त गुण नव्हतेच. पश्चिम जर्मनीची क्लाउडिया लाइस्टनर दुसरी, ट्रेनरी तिसरी. आशिया खंडातून फिगर स्केटिंगची जगज्जेती ठरलेली इतो पहिलीच. त्याआधी जपानची मजल कांस्यपदकापर्यंत गेली होती, १९७७ मध्ये मिनोरू सानो आणि १९७९ मध्ये एमी वातानाबे यांच्या रूपाने.

पुढच्या वर्षी हॅलिफॅक्समध्ये आकृत्यांचा क्रमांक पुन्हा दहावर घसरला आणि विजेतेपद हातचे गेले. पण आकृत्यांची ही शेवटची वेळ होती. १९९१ पासून फक्त उड्या, गिरक्या आणि नृत्य. सगळ्यांचा एकच हिशेब: आता इतोला कोण अडवणार?

अडवले ते वेगवेगळ्या बाजूंनी. सर्वांत आधी प्रतिस्पर्ध्यांनी. रोजच्या सरावातले आकृत्यांचे तास मोकळे झाले, ते सगळ्यांचेच. आकृत्यांसाठी घाम गाळणाऱ्या मुली आता तेच तास तिहेरी उड्यांवर घालवू लागल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत टोन्या हार्डिंगने ट्रिपल ॲक्सेल मारली. इतोची मक्तेदारी संपली.

महिनाभरात म्युनिकची जागतिक स्पर्धा आली. सरावात फ्रान्सची लेतिशिया ह्युबेर आणि इतो एकमेकींवर जोरात आदळल्या. दुखऱ्या अंगाने इतो शॉर्ट प्रोग्रॅमला उतरली. एका जोडउडीसाठी ती रिंकच्या कडेच्या फार जवळ गेली. नेमकी तिथे टीव्ही कॅमेऱ्यासाठी कठड्यात फट ठेवलेली होती. उडी मारली ती थेट त्या फटीतून रिंकबाहेर. क्षणात ती बर्फावर परत आली आणि काही झालेच नाही अशा थाटात उरलेला कार्यक्रम तिने पुरा केला. लोकांच्या हे दृश्य इतके लक्षात राहिले की तिच्या निम्म्या उड्या विसरल्या गेल्या असतील. स्पर्धेत ती चौथी आली. तिन्ही पदके अमेरिकेच्या मुलींनी नेली: क्रिस्टी यामागुची, हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन.

फेब्रुवारी १९९२ मध्ये फ्रान्समधल्या आल्बेरव्हीलला ऑलिंपिक भरले, तेव्हा जपानमध्ये सुवर्णपदकाची अपेक्षा टोकाला पोहोचली होती. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिकचे एकही पदक तोवर जपानच्या खात्यावर नव्हते. शॉर्ट प्रोग्रॅमच्या दिवशी इतोने धोका टाळायचे ठरवले. ट्रिपल ॲक्सेलऐवजी तिने तिहेरी लुट्झ निवडली, जी ती वर्षानुवर्षे सहज मारत आली होती. तिच्यावरच ती पडली. फेरीअखेर क्रमांक चौथा.

इथे नव्या गुणपद्धतीचे गणित पाहण्यासारखे आहे. आकृत्या गेल्या आणि शॉर्ट प्रोग्रॅमचे वजन वाढून एकूण निकालाच्या एक तृतीयांशावर आले. त्यातल्या क्रमांकाला अर्ध्याने गुणायचे, फ्री स्केटिंगच्या क्रमांकाला एकने, आणि बेरीज सर्वांत कमी तिचे सुवर्ण. शॉर्टमध्ये चौथी म्हणजे दोन गुणांचे ओझे घेऊनच इतो पुढच्या फेरीत आली. यामागुची पहिली होती, तिच्यावर अर्ध्या गुणाचेच ओझे. त्यामुळे इतोने फ्री स्केटिंग जिंकली असती आणि यामागुची दुसरी आली असती, तरी सुवर्ण यामागुचीकडेच जाणार होते. आकृत्यांमुळे तिला जी चढण चढावी लागे, तीच आता एका फसलेल्या उडीने तिच्यापुढे उभी केली.

२१ फेब्रुवारीच्या फ्री स्केटिंगमध्ये पहिल्या ट्रिपल ॲक्सेलवर ती पुन्हा पडली. अशा वेळी बहुतेक जणी उरलेला कार्यक्रम सांभाळून पुरा करतात. इतोने शेवटच्या मिनिटाच्या सुमारास, पाय थकलेले असताना, तीच उडी पुन्हा घेतली आणि ती साधली. ऑलिंपिकमध्ये ट्रिपल ॲक्सेल मारणारी ती पहिली स्त्री. केरिगनचे आणि तिचे एकूण गुण सारखेच, प्रत्येकी चार झाले. फ्री स्केटिंगमधल्या वरच्या क्रमांकामुळे रौप्य इतोला मिळाले. यामागुचीच्या कार्यक्रमात ट्रिपल ॲक्सेल नव्हती, तिचाही हात एका उडीनंतर बर्फाला टेकला होता, पण दोन्ही दिवस मिळून तीच सर्वांत सावरलेली होती. जपानला फिगर स्केटिंगमधले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या इतोने देशवासीयांची माफी मागितली, सुवर्ण आणता आले नाही म्हणून.

त्यानंतर तिने स्पर्धा सोडली आणि आइस शोमध्ये स्केटिंग केले. १९९५-९६ च्या हंगामात ती परतली, नवव्यांदा राष्ट्रीय विजेती झाली, पण एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत सातवी आली. ७ फेब्रुवारी १९९८ रोजी नागानो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. मॅरेथॉनची जगज्जेती हिरोमी सुझुकी मशाल घेऊन आली आणि तिने ती पारंपरिक जपानी वेषातल्या इतोच्या हाती दिली. ज्योत पेटवण्याचा मान जपानने तिला दिला. माफी मागावी असे तिच्या हातून काही घडले नव्हते, हे सांगायला देशाला सहा वर्षे लागली. चाळिशी ओलांडल्यावर ती जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला प्रौढ हौशी स्केटरांच्या स्पर्धेतही उतरू लागली.

नागोयात यामादा बाईंचे काम चालूच होते. २००२ मध्ये पुन्हा स्त्रियांच्या स्पर्धेत ट्रिपल ॲक्सेल दिसली. ती मारणाऱ्यांत एक होती युकारी नाकानो, याच बाईंच्या तालमीत वाढलेली. मग त्यांच्याकडेच लहानाची मोठी झालेली माओ आसादा आली. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये आसादाने एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सेल मारल्या आणि रौप्य मिळवले. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम युनाला. त्याच्या चार वर्षे आधी तोरिनोत जपानला या खेळातले महिलांचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले होते. ते जिंकणाऱ्या शिझुका आराकावाने ट्रिपल ॲक्सेल मारलीच नव्हती.

म्हणजे आकृत्या जाऊन तीन दशके उलटली तरी मूळचा वाद मिटलेला नाही. एका अवघड गोष्टीचे मोल किती आणि चार सोप्या गोष्टी निर्दोष करण्याचे किती, हा वाद आधी वर्तुळांवर चालायचा, आता उड्यांच्या गुणांवर चालतो. इतोच्या कारकिर्दीत तो दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो. नियमानेच तिला हरवले म्हणणाऱ्यांनी पॅरिसचा निकाल पाहावा: कंटाळवाणी वर्तुळे घोटून ती सहावी आली, म्हणून जगज्जेती झाली. आणि उड्या असल्या की सगळे जिंकता येते म्हणणाऱ्यांनी आल्बेरव्हीलचा पाहावा.